रुग्णसंशोधनातली पीएच.डी. आणि फेलोशिपचा अर्ज : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत क्लिनिकल आणि ट्रान्सलेशनल संशोधनात पीएच.डी. करणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं या वेळी आली. प्रयोगशाळेत लागलेला शोध रुग्णापर्यंत आणि पुढे रोजच्या उपचारांपर्यंत नेण्याचं हे काम. जवळजवळ सगळे प्रश्न एनआयएचच्या, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या, फेलोशिपबद्दल आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमच्या विद्यापीठात ‘टीएल१ची जागा’ निघते असं सीनियर सांगतात, पण माहितीपत्रकात टी३२ लिहिलंय. गाईड म्हणतात, एफ३१ भर. यात फरक काय, आणि आधी कशाच्या मागे लागू?

टीएल१ आणि टी३२ यांचे पैसे विद्यापीठाला मिळतात आणि विद्यापीठ त्यातून विद्यार्थी निवडतं. एफ३१ तुमच्या नावानं मंजूर होते. तिचा अर्ज थेट एनआयएचकडे जातो आणि तिथली समिती तो तपासते. एनआयएचनं २००६ मध्ये सीटीएसए (क्लिनिकल आणि ट्रान्सलेशनल सायन्स अवॉर्ड) हा या प्रकारच्या संशोधनाच्या केंद्रांना अनुदान देणारा कार्यक्रम सुरू केला आणि त्यातल्या केंद्रांना विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणासाठी जोडअनुदान दिलं, ते टीएल१. अलीकडच्या फेऱ्यांत त्याची जागा टी३२नं घेतली आहे. सीनियरांच्या तोंडी जुनं नाव राहिलं आहे, इतकंच.

पैशाच्या दृष्टीनं दोन्ही सारखेच. २०२४ या आर्थिक वर्षासाठी पीएच.डी. विद्यार्थ्याचा स्टायपेंड वर्षाला २८,२२४ डॉलर होता. शिक्षणशुल्काच्या ६० टक्के रक्कम, पण वर्षाला जास्तीत जास्त १६,००० डॉलर, एनआयएच देते. उरलेलं शुल्क कोण भरणार हे विभागाकडून लेखी घ्या. मोठ्या शहरात एवढ्या स्टायपेंडवर भागत नाही. विद्यापीठ बिगर-केंद्रीय निधीतून त्यात भर घालू शकतं आणि बरीच विद्यापीठं घालतातही, पण तसं आधी विचारावं लागतं.

दोन्ही मिळून आयुष्यभरात पीएच.डी.साठी अशा मदतीची मर्यादा पाच वर्षांची आहे. दोन वर्षं टी३२वर काढली, तर एफ३१साठी तीनच उरतात. एका वेळी दोन्ही घेता येत नाहीत. एफ३१ मिळाली की टी३२ची जागा सोडावी लागते. टी३२वरची नेमणूक सहसा नऊ महिन्यांपेक्षा कमी मुदतीची करत नाहीत, त्यामुळे ‘सहा महिने बसतो, मग बघू’ असा हिशेब जमत नाही.

आमचा सल्ला असा : पहिल्या-दुसऱ्या वर्षी विद्यापीठातल्या जागेसाठी प्रयत्न करा. तिचा अर्ज छोटा असतो आणि निवडणारे तुम्हाला ओळखत असतात. त्या जागेवर असतानाच एफ३१चा अर्ज लिहा. अर्जाच्या तारखा वर्षात तीन, ८ एप्रिल, ८ ऑगस्ट आणि ८ डिसेंबर. अर्ज केल्यापासून पैसे सुरू होईपर्यंत किमान आठ-नऊ महिने धरा. पहिल्या खेपेला नाही जमलं तर दुसऱ्या खेपेचा वेळही त्यात मिळवा. चौथ्या वर्षी पहिला अर्ज करणाऱ्याला पैसे मिळतात तेव्हा प्रबंधच संपत आलेला असतो, आणि समितीही विचारते की आता शिकवायचं काय उरलंय?

प्रश्न : मी एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर आहे. माझ्यासाठी काय?

टी३२, टीएल१ आणि एफ३१ यांना अमेरिकन नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. यातून पळवाट नाही. ‘अर्ज तर करून बघू’ म्हणून त्यात महिने घालवू नका.

दुसरे रस्ते आहेत. गाईडच्या संशोधन-अनुदानावर सहायक म्हणून काम करायला नागरिकत्वाची अट नाही. अशा अनुदानातून विद्यार्थ्याला वर्षभरात जास्तीत जास्त किती द्यायचं, याची मर्यादा एनआयएच अगदी नव्या पोस्टडॉकच्या (पीएच.डी.नंतरच्या संशोधकाच्या) स्टायपेंडइतकी ठेवते. २०२४ मध्ये ती ६१,००८ डॉलर होती. विषय हृदय, रक्तवाहिन्या, पक्षाघात किंवा मेंदूच्या आरोग्याशी जोडता येत असेल, तर अमेरिकन हार्ट असोसिएशनची प्रीडॉक्टोरल फेलोशिप बघा. ती एक किंवा दोन वर्षांची असते आणि विद्यार्थी-व्हिसावरच्यांनाही खुली आहे. मात्र अर्जाच्या वेळी असोसिएशनचं सदस्यत्व घेतलेलं असावं लागतं. शिवाय आपल्या ग्रॅज्युएट स्कूलचा प्रबंधपूर्तीसाठीचा निधी बघा. त्याची जाहिरात फारशी होत नाही, म्हणून विभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा.

प्रश्न : रक्तदाबाच्या रुग्णांना फोनवर आठवण करून देणारी पद्धत आम्ही बनवली आहे. अर्ध्या रुग्णांना ती द्यायची, अर्ध्यांना नाही, आणि सहा महिन्यांनी रक्तदाब मोजायचा. हेच एफ३१मध्ये मांडलं तर मैत्रीण म्हणते, अर्ज वाचलाही जाणार नाही. खरं का?

मैत्रीण बरोबर सांगते आहे. अनेक चांगले विद्यार्थी इथेच अडखळतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एखादा अभ्यास क्लिनिकल ट्रायल आहे की नाही, हे एनआयएच चार प्रश्नांवर ठरवते. अभ्यासात माणसं आहेत का? त्यांना कुठला हस्तक्षेप मिळणार हे अभ्यास करणाऱ्यानं पुढच्यासाठी ठरवून दिलंय का? त्या हस्तक्षेपाचा त्यांच्यावर काय परिणाम होतो, हे तपासायचंय का? आणि तो परिणाम आरोग्याशी निगडित, जैविक किंवा वर्तनाशी संबंधित आहे का? चारही उत्तरं ‘हो’ आली की तो ट्रायल. औषध असायलाच हवं असं नाही. फोनवरची आठवण, व्यायाम, समुपदेशन हेही हस्तक्षेपच. दोन गट हवेत असंही नाही. वीस जणांचा, एकाच गटाचा पायलट म्हणजे छोटा पूर्व-अभ्याससुद्धा ट्रायल ठरू शकतो. ‘आमचा फारच छोटा आहे’ हा बचाव टिकत नाही.

एफ३१मध्ये विद्यार्थ्याला स्वतःच्या जबाबदारीवर स्वतंत्र ट्रायल चालवता येत नाही. गाईड चालवत असलेल्या ट्रायलमध्ये त्यांच्या देखरेखीखाली अनुभव घेता येतो. हा फरक अर्जात स्वच्छ दिसला नाही, तर अर्ज समितीपुढे न जाताच परत येऊ शकतो.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. पहिली, ट्रायल गाईडची असू द्या. तिचा खर्च त्यांच्या अनुदानातून होऊ द्या आणि तुम्ही त्यातला एक वेगळा प्रश्न घ्या. उदाहरणार्थ, आठवण मिळूनही काही रुग्ण गोळ्या का चुकवतात? रक्तदाबातला फरक गोळ्या नियमित घेतल्यामुळे पडतो की आणखी कशामुळे? अशा वेळी गाईडनं आपल्या निवेदनात ट्रायलचं नेतृत्व आपलं आहे, पैसे कुठून येतात, नोंदणी झाली असल्यास तिचा क्रमांक काय आणि तुमच्यावर देखरेख कशी होईल, हे लिहावं लागतं. हा मजकूर गाईडवर सोडून देऊ नका. तुम्ही कच्चा मसुदा करून द्या आणि तुमच्या पानांवरच्या वाक्यांशी तो जुळतो का, ते ताडून बघा. ‘मी रुग्णांना गटांत विभागेन’ असं एक वाक्य तुमच्या पानावर आणि ‘ट्रायल मी चालवतो’ असं त्यांच्या पानावर, एवढ्यावरही शंका उभी राहते.

दुसरी वाट म्हणजे हस्तक्षेपच न करता निरीक्षण करायचं : रुग्णालयाच्या नोंदी, मुलाखती, जुन्या अभ्यासाची माहिती. प्रबंधासाठी ही वाट कमी प्रतीची आहे असं आम्ही मानत नाही. उलट, तीन वर्षांत पूर्ण होण्याची खात्री हिच्यातच जास्त असते.

शंका उरली तर उद्दिष्टांचं एक पान जोडून एनआयएचमधल्या संबंधित संस्थेच्या प्रोग्रॅम ऑफिसरला ईमेल करा, आणि अंतिम तारखेच्या किमान सहा-आठ आठवडे आधी करा. प्रश्नांना उत्तरं देणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे, संकोच नको.

प्रश्न : समितीनं लिहिलं, ‘नमुनासंख्येचा आधार कमकुवत, कामाच्या व्यवहार्यतेबद्दल चिंता.’ दोन गट, प्रत्येकी ६४ जण, असं गणित दिलं होतं. मग कमी काय पडलं?

६४ हा आकडा कुठून आला ते दिसतंय. दोन गटांच्या सरासरीतला फरक प्रमाण विचलनाच्या निम्मा, पॉवर (खरा फरक असेल तर तो पकडला जाण्याची शक्यता) ८० टक्के, सार्थकतेची पातळी (नसलेला फरक दिसण्याची चालवून घेतलेली शक्यता) ०.०५ असं धरलं की प्रत्येकी ६४ येतात. गणित बरोबर आहे. समितीची शंका त्याच्या गृहीतकांवर असते. फरक ‘निम्मा’च का धरला? तो ०.३ निघाला, तर प्रत्येकी सुमारे १७६ लागतील. हा फरक छोट्या पायलटमधून उचलला असेल तर तो फुगलेला असण्याची शक्यता मोठी. त्याऐवजी रुग्णाच्या दृष्टीनं किमान किती फरक महत्त्वाचा, तो आधी ठरवा आणि तिथून संख्या काढा.

मग गळती. पंधरा टक्के लोक सोडून जातील असं धरलं, तर १२८ला ०.८५नं भागायचं, म्हणजे १५१, दोन समान गटांसाठी १५२. बरेच जण १२८मध्ये पंधरा टक्के मिळवून १४८ लिहितात. त्यातले पंधरा टक्के गेले की १२६ सुद्धा पुरे उरत नाहीत. चूक छोटी आहे, पण संख्याशास्त्रज्ञाच्या नजरेत लगेच येते.

खरी गफलत मात्र सहसा भरतीत असते. समजा, नोंदींप्रमाणे दवाखान्यात महिन्याला पात्र रुग्ण ४० येतात. त्यातल्या निम्म्यांपर्यंत तुम्ही पोचता आणि पोचलेल्यांतले निम्मे तयार होतात. हाती आले महिन्याला १०. १५२ जण जमायला पंधरा महिन्यांहून जास्त लागले. त्यात नीतिसमितीची मान्यता आणि शेवटच्या रुग्णाचे सहा महिने मिळवा. दोन वर्षं इथेच गेली आणि विश्लेषण अजून सुरूही झालेलं नाही. हे गणित अर्जातच मांडा. पात्र रुग्णांचा आकडा डॉक्टरांच्या अंदाजावर घेऊ नका. सीटीएसए केंद्र असलेल्या विद्यापीठांत सहसा आय२बी२सारखी प्रणाली असते, तिच्यातून ओळख न दाखवता रुग्णांची संख्या काढता येते. याच केंद्रांत संख्याशास्त्रज्ञाचा सल्लाही बहुधा मिळतो, आणि तो अर्ज लिहून झाल्यावर नाही, उद्दिष्टं ठरवतानाच घ्यायचा असतो.

संख्या आवाक्यात आणायची असेल तर प्रश्न बदला. रक्तदाब ‘आटोक्यात’ आणि ‘बाहेर’ अशा दोन कप्प्यांत टाकू नका, आकडा आकडाच राहू द्या. सामान्य वितरणातलं मोजमाप मध्यावर कापून दोन भाग केले की साधारण एक-तृतीयांश माहिती वाया जाते, म्हणजे तितके रुग्ण फुकट गोळा केल्यासारखं होतं. एकाच माणसाची मोजमापं अनेकदा घेता आली तरी संख्या उतरते.

आणखी एक गोष्ट तपासून पाहा : दुसरं उद्दिष्ट पहिल्याच्या यशावर तर उभं नाही ना? ‘पहिल्यात सापडलेला बायोमार्कर (आजाराची मोजता येणारी जैविक खूण) दुसऱ्यात रुग्णांमध्ये तपासू’ असं लिहिलं आणि तो सापडलाच नाही, तर प्रबंधाचं काय? व्यवहार्यतेची चिंता या शब्दांत पुष्कळदा हेच म्हणायचं असतं. दोन्ही उद्दिष्टं आपापल्या पायांवर उभी राहतील अशी मांडा.

प्रश्न : माझ्या गाईड नव्या सहायक प्राध्यापक आहेत. प्रयोगशाळा उत्तम, पण त्यांच्या हाताखाली अजून कुणी पीएच.डी. झालेलं नाही. हे आड येईल का?

एकट्याच असतील, तर हो. सह-गाईड घ्या. ट्रान्सलेशनल विषयात ते तसंही लागतातच : एक प्रयोगशाळेतले, एक रुग्ण पाहणारे. त्यातले निदान एक जण असे हवेत, ज्यांनी विद्यार्थी पुढे नेलेले आहेत आणि ज्यांच्याकडे तुमच्या कामाला पुरेल असा निधी आहे. एफ३१मधून स्टायपेंड मिळतो. प्रयोगाचा खर्च गाईडच्या पैशातून चालतो, हे समिती जाणते.

पण नुसती नावं जोडून भागत नाही. कोण तुम्हाला काय शिकवणार, किती वेळा भेटणार, दोघांचं मत जुळलं नाही तर निर्णय कुणाचा, हे लिहा. ‘नियमित भेटू’ यातून काहीच कळत नाही. ‘सह-गाईडसोबत दर पंधरा दिवसांनी एक तास, पहिल्या सहा महिन्यांत दर आठवड्याला अर्धा दिवस बाह्यरुग्ण विभागात’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला चित्र दिसतं. फेलोशिपच्या समितीला प्रकल्पापेक्षा हेच जास्त पाहायचं असतं : या माणसाला आज काय येत नाही, आणि तीन वर्षांनी काय येईल? २५ जानेवारी २०२५ पासूनच्या अर्जांना लागू झालेले निकष तीन आहेत : उमेदवाराची तयारी आणि क्षमता, संशोधन-प्रशिक्षणाची योजना, आणि उमेदवाराला संस्था व गाईड यांचा पाठिंबा. तिन्हींत ‘प्रकल्प किती भव्य’ हे कुठेच नाही. गुणपत्रिकाही आता मागत नाहीत.

शिफारसपत्रं किमान तीन, जास्तीत जास्त पाच. गाईड आणि सह-गाईड यांची पत्रं यात धरत नाहीत. ही पत्रं अर्जासोबत जात नाहीत, लिहिणारे ती स्वतः ई-आरए कॉमन्स या एनआयएचच्या ऑनलाइन प्रणालीवर चढवतात. अंतिम मुदत मात्र अर्जाचीच. उशिरा आलेलं पत्र घेत नाहीत. पत्र लिहिणाऱ्याला तुमचं कॉमन्समधलं युजरनेम आणि योजनेचा क्रमांक लागतो, तो दोन आठवडे आधी पाठवा.

प्रश्न : मी फक्त ओळख काढून टाकलेले जुने नमुने वापरणार आहे. मानवी सहभागाचा फॉर्म भरायचा का? आणि नीतिसमितीची मान्यता अर्जाआधी हवी का?

नमुने तुमच्या अभ्यासासाठी घेतलेले नसतील आणि ते कुणाचे हे तुम्हाला किंवा तुमच्या चमूतल्या कुणाला कळण्याची वाटच नसेल, तर ते बहुधा मानवी सहभागाचं संशोधन धरत नाहीत. पण फॉर्ममध्ये मानवी नमुने वा माहिती वापरतो असं सांगून, हे मानवी सहभागाचं संशोधन का नाही याचं स्पष्टीकरण जोडावंच लागतं. नमुने कुठून आले, सांकेतिक क्रमांकाची किल्ली कुणाकडे आहे, आणि ती तुम्हाला न देण्याचा करार आहे का, एवढं लिहा. सह-गाईड हेच रुग्णांचे डॉक्टर असतील आणि किल्ली त्यांच्याच कपाटात असेल, तर उत्तर बदलतं. अशा वेळी स्वतः ठरवू नका, नीतिसमितीच्या कार्यालयाकडून लेखी निर्णय घ्या.

मान्यता अर्जाच्या वेळी लागत नाही, निवड होण्याच्या सुमारास मागतात. तरीही अर्ज गेल्यावर लगेच कागदपत्रं सुरू करा.

प्रश्न : संशोधन-सदाचाराच्या प्रशिक्षणाबद्दल ‘ऑनलाइन कोर्स केला’ एवढं लिहिलं तर पुरेल?

नाही. किमान आठ तासांचं, प्रत्यक्ष चर्चेचं प्रशिक्षण अपेक्षित आहे आणि ते किमान दर चार वर्षांनी पुन्हा घ्यायचं असतं. पद्धत, विषय, शिकवणारे, एकूण तास आणि किती वेळा, या पाचही गोष्टी लिहा. शिकवण्यात तुमच्या गाईडचा वाटा काय, तेही.

प्रश्न : इंग्रजी सुधारण्यासाठी एआय वापरलं तर चालेल का?

भाषेवरून हात फिरवायला मर्यादित वापर वेगळा. पण २५ सप्टेंबर २०२५ पासून एनआयएचचं धोरण असं आहे की मुख्यतः एआयनं तयार केलेला अर्ज अर्जदाराचं मूळ काम मानला जात नाही. मंजुरीनंतर उघड झालं तरी कारवाई होऊ शकते. उद्दिष्टांचं पान तर स्वतःच लिहा. ते एकच पान आहे, आणि समितीतले बरेच जण तेवढंच नीट वाचतात.

प्रश्न : पहिल्या अर्जाला ४४ गुण मिळाले. जास्त गुण चांगले ना? आता काय?

उलट आहे. १० सर्वोत्तम, ९० सर्वांत वाईट. ४४ म्हणजे तुमच्या अर्जावर बैठकीत चर्चा झाली. पुष्कळ अर्ज चर्चेलाही येत नाहीत, त्यामुळे निराश होऊ नका. पैसे मात्र या गुणांवर मिळणं कठीण.

सुधारित अर्ज ३७ महिन्यांच्या आत एकदा करता येतो. सोबत समितीच्या आक्षेपांना उत्तर देणारं एक पान जोडायचं असतं. आधी तपशीलवार अहवालाची वाट बघा, तो वाचल्याशिवाय पुढच्याच तारखेला अर्ज ढकलू नका. अहवाल आला की आक्षेप तीन ढिगांत घाला : दुरुस्त करता येणारे, गैरसमजातून आलेले, आणि न पटणारे. गैरसमज झाला असेल तर चूक बहुधा लिहिण्यात असते. ‘परीक्षकांनी नीट वाचलं नाही’ असा सूर कुठेही उमटू देऊ नका. जो आक्षेप दोघा-तिघांनी घेतलाय, त्याला पानाच्या सुरुवातीलाच उत्तर द्या, आणि काय बदललं ते कुठल्या भागात आहे हेही सांगा. दोन अर्जांच्या मधे एखादा लेख पाठवला असेल, संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा केला असेल, तर तो ठळकपणे दिसू द्या.

प्रश्न : फेलोशिप मिळाली! पण पहिल्या स्टायपेंडमधून कर कापलाच नाही. विद्यापीठाची चूक आहे का?

अभिनंदन! चूक नाही. नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांच्या फेलोशिप-स्टायपेंडमधून सहसा कर कापत नाहीत, कारण तो पगार नाही. तो करपात्र मात्र आहे. शुल्कापोटी थेट गेलेली रक्कम करमुक्त. वर्षअखेरीला हजार डॉलर किंवा जास्त कर निघणार असेल तर १०४०-ईएस हा फॉर्म वापरून चार हप्त्यांत आगाऊ भरायचा असतो. हप्ते १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढच्या वर्षीच्या १५ जानेवारीला. एक उदाहरण : २०२४ मध्ये अविवाहित माणसाचं वर्षभराचं उत्पन्न फक्त २८,२२४ डॉलर असेल, तर १४,६०० ची प्रमाणित वजावट जाऊन १३,६२४ वर केंद्रीय कर सुमारे १,४०० डॉलर, म्हणजे हप्ता साधारण ३५०. राज्याचा कर निराळा. दर महिन्याला तेवढे पैसे वेगळ्या खात्यात टाका.

एफ-१वर असून दुसरीकडची फेलोशिप मिळालेल्यांचं वेगळं. करापुरते अनिवासी असताना, म्हणजे सहसा पहिली पाच कॅलेंडर वर्षं, करपात्र फेलोशिपमधून बहुधा १४ टक्के कापून घेतात. भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांना करारानुसार प्रमाणित वजावट मिळते, ती विवरणपत्र भरताना घ्यायला विसरू नका.

आणि सुरुवातीची तारीख ठरवण्याआधी आरोग्यविमा बघा. मंजुरीपत्रानंतर सहा महिन्यांच्या आत फेलोशिप सुरू करता येते, एवढी सवलत हाताशी आहे. सहायक म्हणून नोकरीत असताना मिळणारा विमा फेलो झाल्यावर काही विद्यापीठांत थांबतो आणि विद्यार्थी-विमा सत्राच्या सुरुवातीलाच घेता येतो. जुना विमा कुठल्या तारखेला संपतो आणि नवा कुठल्या तारखेला लागू होतो, हे ग्रॅज्युएट स्कूलकडून लेखी घेऊनच तारीख कळवा.